पेल्यातला गहू

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. पाहुण्यापुढे काय ठेवावं — भारीतलं, की आपलं? चटकन उत्तर देऊ नका हं! गिरीज गावच्या इनास मच्याडोनं चटकन दिलं होतं, तेच सांगतो.

हा इनास केळीचा बागायतदार. बायको कोंसू. नाताळची वाईन करावी तर तिनंच! काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, चार लवंगा, सगळं चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं! अडतीस वर्षांत एक नाताळ चुकला नाही. — आहा, मागची रांग जागी झाली! गेल्या रविवारी प्रवचनात मी ‘श्रद्धा, श्रद्धा’ म्हणत होतो तेव्हा घोरत होती, वाईन म्हटल्याबरोबर डोळे टक्क उघडे!

तर यंदा मुलाची सोयरीक ठरली. व्याही-विहीण वांद्र्याचे, नाताळच्या जेवणाला पहिल्यांदाच येणार. इनास म्हणाला, "बरणीतून काढून दिली तर काय म्हणतील?" उठला, स्टेशनजवळच्या दुकानातून तीन बाटल्या घेऊन आला. फ्रान्सच्या! नाव वाचता येईना, पण लेबलावर राजवाडा होता. राजवाडा आहे म्हणजे चांगलीच असणार, नाही का?

दुपारी दोघं ओटीवर चव घ्यायला बसली. पहिल्याच घोटाला कोंसूचं तोंड वाकडं!

"अहो, कच्चं जांभूळ हो हे!"

दुसरी बाटली. "ही तर आंबली!"

"आंबली नाही गं! दुकानदार म्हणाला, ड्राय आहे. म्हणजे कोरडी."

"ओली असून कोरडी?"

तिसरी. "हिला लाकडाचा वास येतो."

"त्याचंच तर कौतुक! लाकडाच्या पिंपात मुरवतात."

"मग आपला हा बाक चाटला असता की!"

हसलात? इनासही हसला. पण मग म्हणाला, "कोंसू, मोठ्या माणसांना हेच लागतं. तुझी बरणी यंदा आत ठेव."

कोंसूनं बरणी उचलली आणि खाटेखाली सरकवली. फार लागलं हो तिला!

नाताळ उजाडला. पाहुणे आले, पानं वाढली. इनासनं राजवाड्याची बाटली ऐटीत ओतली. व्याह्यांनी घोट घेतला — "वा! अशी वाईन जन्मात प्यालो नाही!" विहीणबाईंनी लगेच पेला पुढे केला. इनासची छाती फुगली! मग त्यानं स्वतः घोट घेतला, आणि थांबला. लवंग? पेल्यात पाहतो तर काय — टम्म फुगलेला गव्हाचा दाणा तरंगतोय!

"अहो व्याही," पाहुण्यांनी वाकून विचारलं, "फ्रान्सात वाईनीत गहू घालतात?"

आता बोला! नुसतं ‘हो’ म्हटलं की अब्रू शाबूत! इनासनं कोंसूकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसलेली. आणि त्याला उमगलं. त्या आंबट वाईनीनं नवऱ्याचं हसं होईल, म्हणून सकाळी हिनं बाटली रिकामी करून आपली वाईन भरली. घाईत नीट गाळायची राहिली! मंडळी, ज्यानं तिची बरणी खाटेखाली ढकलायला लावली, त्याचीच लाज ती राखत होती!

इनास उभा राहिला. "ही फ्रान्सची नाही. ही माझ्या कोंसूची. मला हिच्या बरणीची लाज वाटली. आता माझी मलाच वाटते."

मग विहीणबाई म्हणाल्या, "आणि फ्रान्सची कुठं गेली?"

"मटणात," कोंसू हळूच म्हणाली. "आंबटाला घालायचा शिरका संपला होता."

आणि व्याह्यांनी मटण तिसऱ्यांदा घेतलं होतं!

बाटलीला नावं ठेवू नका बरं! तिनं काय गुन्हा केला? मी विचारतो तुम्हाला — तुमच्या खाटेखाली काय आहे? लुगडं नेसणारी, आपल्या बोलीत बोलणारी आई आहे ना घरी? साहेबलोक आले की तिला काय सांगता? "आई, तू जरा आत बस." सांगता की नाही? मान खाली घालू नका, मीही सांगितलंय! माझी आई आत बसून ऐकत होती.

ती आता नाही. तुमची आहे. यंदा नाताळला तिला बाहेर पाहुण्यांत बसवा, आणि पहिला पेला तिच्या हातात द्या.