मुनशीचे तीन मेहुणे

नव्या लातूर जिल्ह्यात नोकरीच्या याद्या निघायल्यात, त्यावरून आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात मी चांद्याकडं खाणीवर पाटीनं कोळसा भरायला होते. सरकारनं खाण ताब्यात घेतली आन् नव्या साहेबानं मजुरांची यादी वाचली. माझं नावच न्हाई! म्हणजे उद्यापासून चूल बंद. हजेरी लिहिणाऱ्या मुनशीनं त्याच सकाळी गावाहून आणलेले तीन मेहुणे मात्र यादीत.

मी म्हणलं, "साहेब, सगळ्यांना नाक शिंकरायला लावा. कोळशात राबणाऱ्याचं काळंच निघतंय."

मुनशी ओरडला, "बाई, लाज हाय का?"

"हाय की! तुमच्या मेहुण्यांना विचारा."

माझं काळंकुट्ट निघालं, मेहुण्यांचं पांढरं. साहेबानं हसत माझं नाव लिहिलं. आठ दिवस धुळीत फिरलेल्या साहेबानं मग गुपचूप स्वतःचं नाक पुसलं, तर रुमाल काळा!

म्हणलं, "साहेब, तुमचंबी नाव लिहा. उद्या पाटी घेऊन या."