वरच्या जयपालची मोटर

—भिंतीवर काय टकटक करतायसा पावणं, भिंतीत न्हाय तो आवाज, वरनं येतोय, स्लॅबातनं! गेल्या वेळंला तुमचीच माणसं भिंतींना फोम मारून गेली, खिडकीला डबल काच, दाराखाली रबर — काय उपेग झाला? उलट वाढलाय. बाहेरचा रस्ता गप झाला की हीच तेवढी ऐकू येती. कोण म्हंजे? शिट्टी! बारीक, लांब, दम खाईना झालीया. वरच्या जयपालची पाण्याची मोटर हाय ती, दुसरं काय? त्यो म्हणतोय, दादा, मोटर बंद हाय. खोटं बोलतंय. जिन्यात सगळ्यांसमोर आई-बापावरनं बोललो मी त्याला. त्याची आई, अक्काताई, रडत आत गेली. औंदा दसऱ्याला सोनं द्यायला सुदिक आली न्हाईत वरची. न्हाय तर न्हाय.

आणि आवाजातलं मला सांगू नका हां. आकाराम डॉल्बीवाला म्हणून अख्ख्या पेठेत कुणालाबी विचारा. मिरवणुकीत ट्रॉलीवर बॉक्सला पाठ लावून उभा असतोय मी — बेस छातीत घ्यायचा, तवा सेटिंग कळतंय. कानात कापूस? छ्या! कापूस घालणाऱ्याला हसत्यात आमच्यात. मी तर मिरवणूक संपल्यावर त्याच बॉक्सला टेकून झोपलोय, विचारा बायकोला. ती म्हणती, मला न्हाय बाई कसली शिट्टी ऐकू येत. तिचं काय धरताय, तिला टीव्ही मोठा वाटतोय, मला त्यो पुटपुटल्यागत लागतोय. नात हाक मारती म्हणं — आबा, आबा — आन् मी बघत न्हाय म्हणून रुसून बसती. बोलतच न्हाय आता माझ्यासंगं. ह्या शिट्टीत पोरीची हाक कुठनं ऐकू येणार, तुमीच सांगा? म्हणून म्हणतोय, आता छताला फोम मारा. जाड करा. पोरगी परत हाक मारंल तवा मला ऐकू आली पायजे, बास.

काय? मोठ्यानं बोला की! — वर कुलूप हाय? व्हय, सगळी नेसरीला गेल्यात, लग्नाला. मग मोटर चालू ठिऊन गेला असंल, मला तरास द्यायला! थांबा, दावतोच. ह्यो बघा बिल्डिंगचा मेन स्विच, आपल्याच दारात हाय. वडला खाली. पंखा थांबला? फ्रीज गप झाला? आता बघू जयपालची मोटर कशी चालती ती. आता थांबाय पायजे शिट्टी.

...

थांबंना की.

तुमास्नी येतीया न्हवं ऐकू? एवढी मोठी — ही काय, ही! — न्हाय? खरं सांगा. कानाकडं काय बोट दावताय? पावणं, मला भ्या वाटाय लागलंय.

न्हाय, काय बोलू नका. मापाचा टेप गुंडाळा तुमचा. छत ऱ्हाऊ दे. जावा तुमी.