कुठला धूर?

छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंनी पेपर उघडला होता, पण कान शेजारच्या भावाबहिणीकडे होते. बहीण सरहद्दीपलीकडे दिलेली. दोघंही आपापल्या देशात वणव्यांचा धूर मोजायच्या नोकरीत.

"ताई, यंदा तुमचा धूर आमच्या दुप्पट!"

"आम्ही सगळे वणवे मोजतो. तू वीज पडून लागलेले गाळतोस."

"नियमच आहे आमचा. माणसाने लावलेलेच धरायचे."

"का? विजेच्या आगीतून काय अत्तर निघतं?"

"आणि परवाची आग आईच्या घरामागे आली ती तुमच्याच डोंगरावरून!"

"झाडं तुमची जळली ना? मग धूर तुमच्या नावावर. हाही नियमच."

"लहानपणी दूध सांडून माझं नाव सांगायचीस, तश्शीच आहेस अजून."

"आणि तू मांजरावर ढकलायचास!"

दोघं खिदळत असतानाच आतलं दार उघडलं. एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून, खोकत खोकत त्यांची आई बाहेर आली. दोघंही उठली.

"आई, काय म्हणाले डॉक्टर?"

"विचारत होते, कुठला धूर गेलाय छातीत. म्हटलं, थांबा जरा. बाहेर मुलं ठरवतायत."