‘ही’ म्हणजे कोण?

नाही, नाही, फौजदारसाहेब, तसं नाहीच ते — तुम्ही दारात येऊन उभे राहिलात म्हणून पोर बिचकली अन् तोंडाला आलं ते बोलली. बसा ना. खुर्ची डुगडुगते जरा, भिंतीला टेकवा. काय म्हणाली साळू? ‘ही इज सिक. ही इज इन अवर हाउस.’ ऐकलं की मीही, मी का बहिरी आहे? चूक केली म्हणून तुमच्यादेखतच छडी मारली ना तिला! पण तुम्ही पडलात इंग्रजी शिकलेले, तुम्हाला वाटलं, हिच्या घरात कुणी पुरुष आहे, आजारी — लपलेला — असंच ना? अहो, पुरुष कुठला! तिची आत्या आहे ती, आक्काबाई. माहेरी आलीय दुखणं घेऊन.

आता हे सर्वनामांचं त्रांगडं तुम्हाला कसं सांगू? इंग्रजीत ‘ही’ म्हणजे तो. अन् आपल्या घरात ‘ही’ म्हणजे? ही बाई, ही गाय, ही पोर. दहा वर्षांच्या पोरीनं करावं काय? बरं, बाईला म्हणायचं ‘शी’ — हसलात ना? नाही हसलात. बरं. पहिल्या दिवशी मी ‘शी’ म्हटलं तर अख्खा वर्ग नाक धरून बसला, अन् ही साळूच उठून म्हणाली, ‘बाई, माझ्या आईला शी कसं म्हनू वो?’ तेव्हापासून आई ‘ही’, मावशी ‘ही’, शेळीसुद्धा ‘ही’. सहा महिने घसा कोरडा करतेय मी. शिकवण्यात कमी मी पडले साहेब, हवं तर मिशनला कळवा, नोकरी घालवा माझी. पण एवढ्यासाठी कुणाच्या घरात शिपाई घालू नका.

शाल घेते हं जरा, थंडी आहे ना, साहेब. नाताळ आठवड्यावर आलाय.

हो, वॉरंट पाहिलं. मागच्या खेपेलाही दाखवलं होतंत. नाव तुम्हीच वाचा, नवऱ्याचं नाव मी कसं घेऊ? ऑगस्टात ‘चले जाव’च्या धामधुमीत त्या टेलिग्राफच्या तारा तुटल्या, त्याच आठवड्यात घर सोडलं त्यांनी, ते आजपावेतो फिरकले नाहीत. मुंबईला असतील, नाहीतर देवाला ठाऊक. शपथ? बायबलवर हात ठेवून? ठेवीन की — का नाही ठेवणार — आत आहे बायबल, ठेवते मग.

साळूच्या घरी? मी? कोण म्हणालं? घोडेगावच्या बाजारात लोक काहीही बोलतात हो. जाते — बरं, रोज जाते, त्यात लपवायचं काय? मिशनकडून हिवतापाच्या गोळ्या येतात, त्या नेऊन देते. साळूच्या आईच्या मागं शेत आहे, गुरं आहेत, ती एकटी रतनबाई कुठंकुठं बघणार? म्हणून मी बसते उशाशी, पेज भरवते, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवते. परवा तर ताप असा चढला साहेब, की माणसाची ओळख राहिली नाही. माझा हात घट्ट धरला, तो सोडायलाच तयार नाही. मला वाटलं, संपलं आता, मी एकटी पडले. अहो, चांगलं धट्टंकट्टं शरीर, चार महिन्यांत पार काडी झाली. अन् कालपासून तर ह्यांच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत —

तिच्या. तिच्या पोटात. आक्काबाईच्या. मोठ्या बाईमाणसाला आपण मानानं ‘ह्यांच्या’ म्हणतोच की, साहेब — म्हणतो ना? टोपी का घालताय? मी चहा टाकते, दोन मिनिटं बसा. शिपायाला कुठं धाडताय? साहेब, आजारी माणूस आहे हो! साहेब —

पोरींनो, पाट्या ठेवा. शाळा सुटली. घरी जा, सरळ घरी जा सगळ्या. साळू, तू नको. तू आत्ता घरी जाऊ नकोस. ये, इथं बस माझ्याजवळ. हात बघू — लई लागलं का गं? तू चुकली नव्हतीस. तुझं ‘ही’ बरोबर होतं.