साठ किलोच्या आत

...आणि हसवू नका, हात जोडतो, मी हसलो की बरगड्या रडतात, डावीकडच्या दोन गेल्यात, नाक तर तुम्हाला दिसतंच आहे, आधी समोर बघायचं, आता उजवीकडे बघतं, आणि जो येतो तो विचारतो, "कोणी मारलं हो?" अहो, मारलं कोणी ते सोडा, त्याला आत सोडलं कोणी ते विचारा! तुम्हाला सांगतो, मला माणसाने मारलंच नाही, मला "मागे बघतील" या दोन शब्दांनी मारलं.

म्हणजे कसं, आमचं ऑफिस दोन माणसांचं, वेबसाइट बनवतो. पुढचं काम माझं, म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर दिसतं ते, आणि मागचं, सर्व्हरवरचं, माझ्या मेव्हण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. कायम कानात हेडफोन, हाक मारली की एक कान मोकळा करतो, दुसऱ्यासाठी पगारवाढ मागतो. आता फॉर्म भरताना काही चुकलं की लाल अक्षरं येतात ना? ती मी आणतो. पण ती तपासणी होते तुमच्याच फोनमध्ये, आणि फोन तुमचा, मर्जी तुमची, तिथे माझं काय चालणार? म्हणून फॉर्म आत आला की सर्व्हरवर पुन्हा तपासायचा असतो. माझी लाल अक्षरं म्हणजे दारावरची पाटी, 'चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नये', आणि सर्व्हर म्हणजे पाटीच्या मागे उभी सासू. पाटी न वाचता माणूस आत जाईल, सासूला ओलांडून जाईल का? आमच्याकडे पाटी होती. सासूचं काय? मी म्हणालो, मागे बघतील. मेव्हणा एक कान मोकळा करून म्हणाला, "भावजी, पुढे बघितलंच असेल की."

बरं, साइट कोणाची? सासऱ्यांच्या क्लबची. माझे सासरे बॉक्सिंग शिकवतात, आयुष्यभर माणसं बडवली आणि मुलगी दिली कीबोर्ड बडवणाऱ्याला, ते त्यांना अजून पचलेलं नाही. तर त्यांची नवशिक्यांची स्पर्धा, आणि हॉलच्या दारात वर्षानुवर्षं एक लोखंडी काटा, वजनाचा. लढायच्या आधी प्रत्येकाने त्यावर उभं राहायचं, काटा सांगेल तो गट. मी म्हणालो, "बाबा, आता काटा कशाला, फॉर्मच वजन तपासतो." लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली, मी तीन पावलं पुढे गेलो आणि काटा भंगारात गेला.

त्या थापेने माझी अक्कल गहाण पडली. म्हटलं, हीच वेळ, आपणही नाव द्यायचं, साठ किलोच्या आतला गट, समोर कोणीतरी काडीपैलवान येईल, दोन ठोसे तो देईल, दोन आपण देऊ, सासरे म्हणतील, जावई कामाचा निघाला. दिलं नाव. वजन एकोणसाठ लिहिलं, लग्नातलं.

लढतीच्या दिवशी भिंतीवर यादी लागली. माझ्यासमोर कोण, तर कपाटं उचलणारा एक हमाल. गट, साठच्या आत. वजन, एकशे अठरा. छापलेलं, ठळक, सगळ्यांसमोर, आणि कोणाच्या भुवईचा केस हलेना! मी सासऱ्यांकडे धावलो. ते म्हणाले, "जावईबापू, काँप्युटरने घेतलंय ना? मग बरोबरच असणार. तुम्हीच म्हणालात." मेव्हण्याकडे धावलो. एक कान मोकळा. "एकशे अठरा? आकडा आहे ना? आकडा आला की मी घेतो. अक्षर आलं असतं तर नसतं घेतलं." मी म्हणालो, काटा आणा, आत्ताच्या आत्ता वजन करा. काटा? काटा भंगारात! आणि माघार घ्यावी तर पहिल्या रांगेत बायको, दोराला टेकून सासरे.

मग तो आला. दोर वर उचलून लोक रिंगमध्ये शिरतात, हा दोरावरून पाय टाकून आला. आणि आवाज इतका मऊ की मला गलबलून आलं. मी विचारलं, भाऊ, फॉर्म भरताना लाल अक्षरं नाही आली? म्हणाला, "नाही हो, फोन जुना आहे, त्यात कसलं काय चालतंय. वजन मी खरं लिहिलं. गट आधीच निवडलेला होता, मी हात नाही लावला. म्हटलं, चूक असेल तर मागे बघतील."

घंटा झाली. पहिला ठोसा नाकावर. कट्कन. डोळ्यांपुढे काजवे, आणि काजव्यांमधून आवाज, "लागलं का हो?" मी सांगायला तोंड उघडलं तर दुसरा तोंडावर, दात गालात रुतला, रक्त छातीवर, तो म्हणतो, "सॉरी हं," आणि तिसरा बरगडीत, आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. सासरे ओरडतायत, "हात वर, हात वर!" अहो, वरच होते, शरण जायला वर केले होते! मी पंचाच्या पायांना मिठी मारली. पंच परीक्षकांकडे बघतो, परीक्षक यादीकडे बघतात, म्हणतात, दोघे एकाच गटातले, चालू द्या. चौथा कानाखाली बसला आणि मला स्ट्रेचर अगदी जवळून दिसायला लागलं.

स्ट्रेचर मेव्हण्याच्या शेजारून चाललं होतं. तो वाकला, म्हणाला, "भावजी, आत्ताच मागची तपासणी टाकली." वरातीमागून घोडं! असेल नसेल तो जीव गोळा केला आणि त्याच्या मोकळ्या कानावर असा गुद्दा हाणला की हेडफोन तिसऱ्या रांगेत. अख्ख्या स्पर्धेत माझा तेवढाच ठोसा लागला. सासरे म्हणाले, "वा."

तिथेच संपलं असतं तर बरं होतं हो. पण दवाखान्यात नर्सने विचारलं, "वजन?" इंजेक्शन किती द्यायचं ते ठरवायला. मी म्हणालो, एकोणसाठ. तिने पेन उचललंच नाही. "काट्यावर उभे राहा." म्हटलं, बाई, बरगडी... "उभे राहा." एका बाजूने सासऱ्यांनी धरलं. तिने त्यांनाही हात सोडायला लावला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "चौऱ्याहत्तर."

सासऱ्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, बाबा, मी आधी बहात्तर लिहिलं होतं, पण लाल अक्षरं आली, साठच्या आत लिहा म्हणाली, लिहिलं. माझीच अक्षरं, त्यांना नाही कसं म्हणणार? म्हणजे बघा, खरं बोलणारा त्यांना दिसला नाही, आणि खोटं कसं लिहायचं ते मला शिकवून गेली. दारात काटा असता तर दोघंही नाकासकट घरी गेलो असतो.

सासऱ्यांनी लगेच नवा काटा आणला. हॉलसाठी एक, आणि एक घरी, दारातच, जावयासाठी. आता जेवायला बोलावलं की आधी त्यावर उभं राहायचं, आणि आकडा खरा की खोटा ते माझ्या पाठीमागून सासूबाई बघतात.