सिक्युरिटीवाल्या बाईंची खुर्ची

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमणे, तू होय. चष्मा नाही डोळ्यावर, नाव दिसलंच नाही… नाही, नाही, सगळं ठीक आहे. तुझी आई इथे माझ्याकडे ठीक आहे… हो, आधीचे दोन फोन उचलले नाहीत, माहितेय मला. उचलायला हात मोकळा नको का?… सांगते. सगळं सांगते. बसलीयेस ना?… मग बस आधी.

हं. तर सकाळी आठला तुझी आई तयार. तयार म्हणजे कशी, तुला माहीतच आहे… बरोब्बर. तोच करडा स्वेटर. म्हटलं, जगात दुसरा स्वेटर नाही का तुला? तर म्हणते, मला कोण बघायला येतंय… नाही गं, रागावले नाही. बाबा गेल्यापासूनचं हे दीड वर्ष तू कसं काढलंस, ते एका सकाळीत कळलं मला.

आधी मनोऱ्यावर नेलं. दोनशे बारा पायऱ्या… मी मोजल्या, तिनं नाही. वरून अख्खं शहर दिसतं, लोक फोटो काढून काढून दमतात. तुझी आई दोन मिनिटं बघून म्हणाली, छान आहे, उतरू या?… हो ना. मग नदीवर होडीत बसवलं. तेही छान आहे. मग चौकातलं मोठं घड्याळ, बाराच्या ठोक्याला बाहुल्या बाहेर येतात ते… तेही छानच. अगं, मी हात टेकले. खायला बसलो तर अर्धं सँडविच कागदात गुंडाळून पर्समध्ये… नाही, नंतर खाल्लं. सगळं खाल्लं, आणि वर माझी बिस्किटं पण. मधे बोलू नकोस, मी विसरते.

आणि हे बघ, त्या परगावच्या नोकरीचं तुला सोमवारी कळवायचंय ना?… मला कसं कळलं? तिनंच सांगितलं, होडीत. जुन्या मैत्रिणीला नाही तर कुणाला सांगणार?… अगं, तिला सगळं माहितेय. तू लपवलेलं पत्र वाचलंय तिनं… आई आहे ती, वाचणारच. म्हणाली, पोरगी माझ्यापायी जाणार नाही. एवढी चांगली जागा हातची घालवेल. मी जा म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही… नाही बसणार ना? कबूल कर… हं. मी म्हटलं, मग विश्वास बसेल असं काहीतरी कर की. तर पाण्याकडे तोंड फिरवून बसली… रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

ऐक ना आता. तिला घरी जायचं होतं, पण राजवाड्याची तिकिटं मी आधीच काढलेली, म्हणून आली नाइलाजानं. आत मोठा दिवाणखाना आहे. मधे लाल दोरी, पलीकडे राजाच्या खुर्च्या, सोनेरी पायांच्या. छतावर चित्रं काढलीयेत, म्हणून सगळे माना वर करून उभे. मी पण. मान खाली केली तर तुझी आई गायब… कुठे काय, दोरीच्या पलीकडे. जमिनीवर उताणी. डोकं राजाच्या खुर्चीखाली, पाय बाहेर.

हसू नकोस… बरं, हस.  धोक्याची घंटा वाजायला लागली. लोक फोटो काढायला लागले, छताचे नाही, तिच्या चपलांचे. सिक्युरिटीवाल्या बाई धावत आल्या, चांगल्या धिप्पाड, आमच्याच वयाच्या. बाहेर या म्हणून ओरडल्या. आणि तुझी आई खालून काय म्हणाली असेल?… छे, सॉरी कसलं. म्हणाली, "एक मिनिट हं. हे खालचे पट्टे कुणी ताणलेत इतके ढिले?"

हो… हो ना. जित्याची खोड. दीड वर्षात कामाचा एक शब्द काढला होता का तिनं? तूच म्हणायचीस ना, तुमच्या खुर्च्या दुरुस्तीच्या दुकानाचं नाव काढलं तरी उठून जाते… मग? मला एकीकडे लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगू, एकीकडे नाचावंसं वाटत होतं.

नाही गं, पोलीस कसले. बाईंनी आम्हांला कोपऱ्यात नेलं, नाव-पत्ता लिहून घ्यायला. तिथे त्यांची स्वतःची खुर्ची होती. तुझ्या आईला म्हणाल्या, बसा. ही बसेना. खुर्चीकडे टक लावून बघतेय आपली. मग सरळ उचलली आणि उलटी केली… विचारतेय कोण? बाई आ वासून बघत राहिल्या. आतून काथ्या लोंबतोय, एक स्प्रिंग पार आडवी झालेली. ही म्हणाली, तुमची कंबर दुखते ना, डाव्या बाजूला? बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. आठ वर्षं झाली म्हणाल्या या खुर्चीला. नवीन मिळावी म्हणून तीनदा अर्ज केलाय. औषधाच्या गोळ्या पण दाखवल्या पर्समधून काढून. तेव्हा तुझी आई म्हणाली, "राजाच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, ती राहू दे ढिली. ही मला द्या. उद्या सकाळी नऊला आणून देते."

… हॅलो? आहेस ना?… हो, तिनं. स्वतःच्या तोंडानं. मी काहीही सुचवलेलं नाही, शपथ. बाईंनी वहीत लिहिलं, खुर्ची दुरुस्तीला दिली, आणि आम्ही ती टॅक्सीत घातली. माणसं शहर बघायला जातात आणि किचेन घेऊन येतात, आम्ही फर्निचर आणलं… टॅक्सीवाला काय बोलणार, तो पुढे, खुर्ची पण पुढे, आम्ही दोघी मागे.

थांब, इतकी खूश होऊ नकोस. घरी आल्यावर घोडं अडलं. मी हल्ली पडदेच शिवते, पण तुझी आई आणि मी खुर्च्यांचं काम एकत्र शिकलो, तेव्हाची हत्यारं टाकलेली नाहीत. हातोडी काढून दिली. ती हातात धरून अर्धा तास नुसती बसली… अगं, मला काय माहीत काय करायचं. तुझे बाबा पट्टा ताणायचे आणि ती ठोकायची, तेवीस वर्षं. दुसरं कुणी कधी पट्टा धरलाच नाही. मग मी धरला. न विचारता. पहिला खिळा वाकला. दुसरा पण वाकला. म्हणाली, राहू दे, माझ्यानं होत नाही आता, उद्या तशीच परत देऊ. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, काहीतरी समजुतीचं बोलावं… नाही बोलले. पट्टा पण सोडला नाही. तळहात लाल झाले, तरी धरून बसले. किती वेळ कोण जाणे. मग तिनं तिसरा खिळा घेतला.

… गेला. सरळ गेला.

रडतेयस का?… रड, रड. तुझी आई पण रडली तेव्हा. तुझ्या बाबांचं नाव घेऊन रडली, दीड वर्षाचं एकदम. मग नाक पुसलं आणि मलाच ओरडली, पट्टा तिरका धरलायस म्हणून… हो. त्याच आवाजात. दुकानातल्या.

आता?… तिला फोन देऊ? अगं, देऊन उपयोग नाही. बोलता येणार नाही तिला… घाबरू नकोस, घसा ठीक आहे. तोंड भरलंय तिचं… खात नाहीये. खिळे आहेत तोंडात, दुकानात काम करताना असायचे तसे. दहा-बारा दाबलेत ओठांत, एकेक काढतेय आणि ठोकतेय.

… चिमणे? ऐकतेयस ना?… हो गं. खिळे. बघतेय ना मी, दारातून दिसतेय मला… शपथ कशाला घेऊ, समोर बसलीये.

तो आवाज?… तीच. मला बोलावतेय. तोंडानं हाक मारता येत नाही, म्हणून हातोडीनं माझं चांगलं टेबल बडवतेय… आले गं बाई, आले. पट्टा धरायलाच येतेय… हो, मग मी सांगते तिला, तुझा फोन होता म्हणून. नोकरीचं काय?… मला काय विचारतेस, ते तुझं तू ठरव… बरं, विचारलंसच म्हणून सांगते. मी ठेवतेय फोन, आणि तू बॅग भरायला घे.