चुलीमागची बाटली

तलासरीच्या एसटी स्टँडवर वसुमतीबाई वह्या तपासत होत्या. मागच्या बाकावर आत्या-भाचा बोलू लागले, तसा बाईंचा लाल पेन थांबला.

“दिपक, जीव जाताना तुझ्या बापानं काही मागितलं का रे?”

“मोहाची दारू मागितली, नवशीआत्या. मी दमणहून विस्की आणली, बारा वर्षं मुरवलेली.”

“मग, प्यायला?”

“रिवाजाप्रमाणं पहिले दोन थेंब धरतरीला दिले, वास घेतला अन् पेला खाली ठेवला. म्हणाला, ही आपल्या पितरांच्या ओळखीची नाही.”

“अरे, माझ्याकडं यायचंस!”

“कोणत्या तोंडानं? सरपंच झालो तेव्हा तुझी भट्टी मीच फोडली होती.”

“भट्टी फोडलीस, पण एक बाटली मी चुलीमागं पुरली होती. त्याच्याचसाठी. अजून तिथंच आहे.”